हॉर्नबीच्या खिशातला दुसरा कागद

हॉर्नबी वेलार्डची गोष्ट ऐकली नाही असा जुना मुंबईकर विरळा. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधल्या खिंडारातून भरतीचे पाणी बेटांमध्ये शिरायचे. ते अडवण्यासाठी गव्हर्नर विल्यम हॉर्नबीने लंडनच्या साहेबांना न विचारता बांध घालायला घेतला. बांध सारखा ढासळायचा. मग बांधाचे काम पाहणाऱ्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती निघाल्या, महालक्ष्मीचे देऊळ उभे राहिले आणि बांध टिकला. मधल्या काळात हॉर्नबीला बडतर्फ केल्याचे पत्र विलायतेहून आले. त्याने ते वाचले, घडी घातली, खिशात ठेवले आणि काम पुरे होईपर्यंत कुणाला दाखवले नाही. गोष्ट फक्कड आहे. कागदोपत्री आधार मात्र तिला फारसा नाही.

पण हॉर्नबीला परत बोलावण्याचा एक कागद खरोखरच निघाला होता. तो नुसत्या ईस्ट इंडिया कंपनीच्या डायरेक्टरांचा नव्हता, तर ब्रिटिश पार्लमेंटचा, हाउस ऑफ कॉमन्सचा ठराव होता. त्यात बांधाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता साष्टीचा, वसईचा, कल्याणचा, पुण्याच्या वाटेचा, म्हणजे आमच्या अंगणाचा.

मी भिवंडीच्या नारपोलीत राहतो. आमच्याकडे इतिहास विचारायला कुणी येत नाही. येतात ते गोदामाचा पत्ता किंवा ग्रे कापडाचा भाव विचारायला. एका बाजूला मागांची खटखट, दुसऱ्या बाजूला पूर्णा, राहनाळ, काल्हेरची गोदामे, आणि अंजूरफाट्याला एखादा ट्रेलर आडवा झाला की तासभर कुणी हलत नाही. ज्या अंजूर गावाचे नाव त्या फाट्याला आहे ते गंगाजी नाईकांचे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेला वाटा दाखवणारे, माणसे जोडून देणारे हेच ते अंजूरकर नाईक. १७३७ मध्ये ठाणे आणि साष्टी, १७३९ मध्ये वसई पोर्तुगीजांकडून पेशव्यांकडे आली. नारपोलीतून पाहिले तर नैर्ऋत्येला खाडीपलीकडे ठाण्याचा किल्ला, आग्नेयेला कल्याण, वायव्येला वसई. पुढे इंग्रज-मराठ्यांचे पहिले युद्ध झाले तेव्हा आपण या तिन्हींच्या मधोमध होतो.

आधी एका शब्दाचा उलगडा करतो. हॉर्नबीला आपण गव्हर्नर म्हणतो, पण त्याचा मुख्य हुद्दा 'प्रेसिडेंट'. कंपनीच्या प्रत्येक मोठ्या ठाण्यावर सभासदांचे एक कौन्सिल असे आणि त्या कौन्सिलाचा अध्यक्ष तो प्रेसिडेंट. त्यावरूनच प्रेसिडेन्सी, म्हणजे आपला मुंबई इलाखा. १७७१ पासून या खुर्चीत हॉर्नबी होता. तेव्हा पार्लमेंटने चौकशी लावली ती शब्दशः एका प्रेसिडेंटची.

सुरुवात झाली पुण्यातल्या खुनापासून. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांना शनिवारवाड्यात मारले. संशय काका रघुनाथरावांवर गेला, पुण्याचे कारभारी 'बारभाई' म्हणून त्यांच्याविरुद्ध उभे राहिले आणि रघुनाथराव गादी शोधत इंग्रजांच्या दाराशी गेले. मुंबईच्या कौन्सिलला साष्टी आणि वसई कित्येक वर्षांपासून हवी होती. बेटावर पुरेशी शेती नाही, पुरेसे सरपण नाही. तांदूळ आणि लाकूड समोरच्या किनाऱ्यावरून यायचे आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी बंगालच्या पैशावर व्हायची. पण मागून मिळत नव्हती ती साष्टी त्यांनी रघुनाथरावांशी करार होण्याआधीच घेतली. पोर्तुगीज गोव्याहून आरमार आणून साष्टी परत घेणार आहेत, अशी आवई उठली होती. तेवढे निमित्त पुरले. १७७४ च्या डिसेंबरात जनरल गॉर्डनची फौज ठाण्याच्या किल्ल्यापुढे आली. पहिला हल्ला फसला आणि शंभरेक गोरे पडले. दुसऱ्या दिवशी, २८ तारखेला, किल्ला पडला आणि आतले बहुतेक शिबंदीवाले कापले गेले. या वेढ्यात आरमाराचा प्रमुख कमोडोर वॉटसन मेला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने त्याच्या मरणाची एक गोष्ट नोंदवली आहे ती वाचल्यापासून विसरता येत नाही. तोफेचा गोळा त्याच्या अगदी शेजारी वाळूत आपटला आणि उडालेले वाळूचे कण त्याच्या अंगात घुसले. ठाण्याच्या खाडीकाठची वाळू! ती आता ड्रेजर लावून उपसतात.

मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. कंपनीने अडीच हजार फौज द्यायची. रघुनाथरावांनी दरमहा दीड लाख, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर आणि साष्टी-वसई कायमची द्यायची. हा सौदा करण्याचा मुंबईला अधिकार होता का? १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने लढाई आणि तह यांची चावी कलकत्त्याच्या हाती दिली होती. कलकत्त्याच्या कौन्सिलने मुंबईला फटकारले. हे युद्ध अविचाराचे, धोक्याचे, बिनपरवानगीचे आणि अन्यायाचे आहे, असे चार शब्द चार कोरड्यांसारखे ओढले आणि कर्नल अप्टनला पुरंदरावर पाठवून १ मार्च १७७६ रोजी वेगळा तह केला. पण त्याच सुमारास लंडनच्या डायरेक्टरांचे पत्र आले आणि त्यात साष्टी हातची सोडू नका, सुरतेचा तह ठीकच आहे, असा सूर होता. कलकत्ता कान पिळते आणि लंडन पाठ थोपटते. अशा वेळी कोणाचे ऐकायचे हे हॉर्नबीला कुणी शिकवावे लागले नाही.

पुढची चाल तर अंगलटच आली. नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईहून सुमारे ३,९०० माणसे रघुनाथरावांना घेऊन पुण्याकडे निघाली. सोबत १९,००० बैल होते, म्हणजे माणशी जवळजवळ पाच बैल. सेनापती एगर्टन आजारी, वर कार्नाकसारखे कौन्सिलवाले हुकूम सोडायला बरोबर. खंडाळ्याहून कार्ल्यापर्यंतच्या चार कोसांना अकरा दिवस लागले. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मावळातल्या लोकांनी त्याचे नाव इष्टुर फाकडा ठेवले आणि वडगावला त्याचे थडगेही बांधले गेले. शत्रूच्या शौर्याला नाव द्यावे आणि नवसही बोलावा, हा आपला स्वभावच. तळेगावाहून इंग्रज मागे फिरले, जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि १७७९ च्या जानेवारीत वडगावला साष्टीसकट सगळे परत करण्याचा करार लिहून दिला. फौज मुंबईला पोचल्यावर हॉर्नबीने तो करार मोडीत काढला. ज्यांनी सही केली त्यांना सहीचा अधिकारच नव्हता, असे त्याचे म्हणणे. चार वर्षांपूर्वी कलकत्त्याने त्यालाही हेच ऐकवले होते. पुढे डायरेक्टरांनी एगर्टन, कार्नाक आणि एगर्टनच्या जागी आलेला कॉबर्न यांना नोकरीतून काढले. त्या वेळी हॉर्नबीच्या केसालाही धक्का लागला नाही.

मग बंगालहून चालत आलेल्या गॉडर्डच्या फौजेने युद्ध नव्याने पेटवले आणि ते आमच्या दारात आले. मे १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले. पावसाळा सरला तसे त्यांचे दोन बेत ठरले. गॉडर्डने वसईला वेढा घालायचा आणि कर्नल हार्टलेने उघड्या कोकणात उभे राहून मराठ्यांना घाटावरून उतरू द्यायचे नाही. दुसऱ्या बेतामागे एक हिशेब होता. शेतात भात पिकले होते आणि मुंबईचा खजिना रिकामा होता. फौजेच्या आडोशाने भात कापून वसूल हाती लागला तर हवा होता. कल्याण-भिवंडीच्या पट्ट्यातल्या आगरी-कुणब्यांनी त्या दिवाळीत विळा कसा हाती धरला असेल ते ज्याच्या घरी भाताची खाचरे आहेत त्याला सांगायला नको. एका बाजूला कंपनीचा शिपाई, दुसऱ्या बाजूला पेशव्यांचा कमाविसदार, आणि कणसात दाणा भरून पाऊस गेलेला.

भिवंडी-वाडा रस्त्याने गेले की दुगाडफाटा लागतो. मागे गुमताऱ्याचा डोंगर, पुढे वज्रेश्वरीची वाट. वसई घेतल्यावर चिमाजी अप्पांनी बांधलेले देवीचे देऊळ तिथेच. १७८० च्या डिसेंबरात हार्टलेने याच टापूत तळ दिला होता. वसई सोडवायला निघालेल्या मराठी फौजेला वाट द्यायची नाही हे त्याचे काम. समोर वीस हजारांवर फौज घेऊन रामचंद्र गणेश. हा काही नवखा सरदार नव्हता. १७६९ मध्ये महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर बरोबर असलेल्या उत्तरेच्या मोहिमेचा तो सेनापती होता. १० आणि ११ डिसेंबरला त्याने पुढून-मागून हल्ले केले. १२ तारखेच्या पहाटे धुके दाटले. या भागातले डिसेंबरातले धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना कल्पना येईल. समोरचा बैल दिसत नाही, घंटा तेवढी ऐकू येते. त्या धुक्याच्या आडून रामचंद्र गणेश अरब आणि हजारभर कवायती पायदळ घेऊन इंग्रजांच्या उजव्या बगलेवरच्या टेकडीकडे सरकला. पायदळाचा नायक नोरोन्हा नावाचा पोर्तुगीज. मनसुबा बिनचूक होता. पण हार्टलेला त्या बाजूची शंका आधीच आली होती; त्याने रात्रीतून तिथे धस उभा करून तोफ चढवली होती. फौज अगदी जवळ आली आणि सूर्य वर चढून धुके एकदम फाटले. टेकडीवरून खाली सगळे स्वच्छ दिसू लागले. पुढच्या काही क्षणांत रामचंद्र गणेश पडला, नोरोन्हा जखमी झाला आणि फौज मागे फिरली.

ज्या वसईसाठी तो लढत होता ती आदल्या दिवशीच, ११ डिसेंबरला, गॉडर्डच्या स्वाधीन झाली होती. दुगाडला ती बातमी पोचली नव्हती.

या युद्धाची सगळी कथाच अशी उशिरा पोचलेल्या बातम्यांची आहे. हार्टलेचेही तेच झाले. हॉर्नबीने वडगावच्या माघारीतली त्याची कर्तबगारी पाहून त्याला वरच्या अधिकाऱ्यांना डावलून बढती दिली होती. वरचे अधिकारी कुरकुरले, लंडनपर्यंत तक्रारी गेल्या, डायरेक्टरांनी बढती रद्द केली आणि दुगाड जिंकणारा माणूस घरी परत गेला. गॉडर्ड मात्र विजयाच्या भरात बोरघाटाखाली जाऊन बसला. परशुरामभाऊ, हरिपंत फडके आणि होळकर यांनी त्याची रसद तोडली. एप्रिल १७८१ मध्ये तो पनवेलकडे परतला तेव्हा वाटेत चारशेहून अधिक माणसे मेली-जखमी झाली होती.

आता लंडनला जाऊ.

कॉमन्सला कोकणात काय चालले आहे याचे सुरुवातीला सोयरसुतक नव्हते. त्यांना जाग आली ती हैदरअलीमुळे. नाना फडणिसांनी निजाम, भोसले आणि हैदर यांना एका सुतात ओवले आणि १७८० च्या जुलैत हैदर कर्नाटकात उतरला. १० सप्टेंबरला पोल्लिलूरला कर्नल बेलीची अख्खी तुकडी बुडाली. ती बातमी लंडनला पोचली १७८१ च्या वसंतात. अमेरिका हातची चालली होती आणि आता हिंदुस्थानही? ३० एप्रिल १७८१ रोजी पंतप्रधान लॉर्ड नॉर्थच्या सूचनेवरून कॉमन्सने एक गुप्त समिती नेमली. विषय, कर्नाटकातल्या युद्धाची कारणे. अध्यक्ष, स्कॉटलंडचा लॉर्ड अ‍ॅडव्होकेट हेन्री डंडास. हैदर का चिडला? कारण मराठ्यांनी त्याला सोबत घेतले. मराठे का चिडले? कारण मुंबईने साष्टी घेतली आणि रघुनाथरावांना उचलून धरले. असा आगीचा माग काढत काढत समिती मद्रासेहून ठाण्याच्या खाडीपर्यंत आली. तिच्या सहा अहवालांपैकी पाचवा मराठा युद्धाच्या मुळाशी जातो.

समितीपुढे साक्षीला कोण होते? माणसांपेक्षा जास्त बोलले ते कागद. कंपनीची एक सवय तिच्याच मुळावर आली. कौन्सिलाच्या प्रत्येक बैठकीत कोण काय म्हणाला ते लिहून ठेवायचे, विरोध असेल तर तोही सहीनिशी नोंदवायचा आणि सगळ्याच्या नकला जहाजाने लंडनला पाठवायच्या. एक जहाज बुडाले तर दुसऱ्यावर दुसरी नक्कल. हॉर्नबीला लिहायला आवडे आणि तो लिहीतही चांगला. वडगावच्या नामुष्कीनंतरची त्याची टिपणे वाचली तर माणूस डगमगला नव्हता हे दिसते, आणि ग्रँट डफसारख्याने त्याची तारीफही केली आहे. पण तीच टिपणे आता डंडासच्या टेबलावर होती. साष्टी का घ्यावी, रघुनाथरावांना का उचलावे, पुण्याला फौज का धाडावी, हे प्रेसिडेंटने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते. हॉर्नबीविरुद्धचा मुख्य साक्षीदार हॉर्नबीच होता आणि तो मुंबईत बसून दर बैठकीला नवा जबाब लिहीत होता.

जिवंत साक्षीदारही होते. बंगालचा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याच्याशी पिस्तुलाने लढून जखमी झालेला कलकत्ता कौन्सिलचा सभासद फिलिप फ्रान्सिस १७८१ च्या शरदात लंडनला परतला होता आणि कॉमन्सचा सभासद एडमंड बर्क याच्या कानाला लागला होता. बर्क दुसऱ्या समितीचा प्राण. डंडासची गुप्त समिती युद्धाकडे पाहत होती, बर्कची सिलेक्ट कमिटी बंगालच्या न्यायाकडे आणि कारभाराकडे.

याच १७८१ मध्ये लंडनच्या रस्त्यांवर एक मराठी ब्राह्मणही होता. त्याचे नाव हणमंतराव. रघुनाथरावांनी राजाला आणि कंपनीला पत्रे देऊन त्याला वकील म्हणून धाडले होते. सोबत मणियार रतनजी हा पारशी आणि त्याचा मुलगा. लंडनमध्ये त्यांना कुणी दाद देईना. राहायची सोय नाही, खाण्याची त्याहून पंचाईत. बर्कने त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेले आणि बागेतले काचघर त्यांना दिले. तिथे हणमंतरावाने स्वतःची चूल मांडली, सोवळ्यात स्वतःचे अन्न शिजवले. थंडीतल्या इंग्लंडमध्ये झाडे जगवायला बांधलेल्या त्या खोलीत वरणभाताचा वास दरवळला असेल. बर्क आणि त्याचे पाहुणे हे सगळे कौतुकाने पाहायचे. कॉमन्सच्या समितीने हणमंतरावाला बोलावले ते त्याच्या जातीच्या चालीरीती समजून घेण्यासाठी. बंगालमधला कायदा हिंदूंच्या रूढींना धरून कसा असावा हा बर्कचा त्या वेळचा ध्यास होता. आणि युद्धाबद्दल विचारले असते तरी हणमंतराव तो धन्याचा वकील, त्याने फौज आणखी पाठवा हेच सांगितले असते. दुगाडची, कल्याणची, भाताच्या खाचरांची बाजू मांडणारे त्या दालनात कुणी नव्हते. नाना फडणिसांचे दप्तर पुण्यात होते आणि मोडीत होते.

९ एप्रिल १७८२ रोजी डंडासने सभागृहात लांबलचक भाषण केले आणि पुढच्या काही दिवसांत चाळीसहून अधिक ठराव मांडले. नॉर्थचे मंत्रिमंडळ मार्चमध्येच पडले होते, पण डंडास नव्या सरकारातही आपल्या जागी शाबूत होता. अशा कसरतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. मे अखेरीस सभागृहाने मुख्य ठराव मंजूर केला. बंगालचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज आणि मुंबई कौन्सिलाचा प्रेसिडेंट विल्यम हॉर्नबी यांचे वागणे या राष्ट्राच्या इभ्रतीला आणि धोरणाला सोडून झाले. त्यांनी हिंदुस्थानावर मोठी संकटे आणि कंपनीवर अफाट खर्च ओढवून आणला. तेव्हा डायरेक्टरांनी दोघांना काढून परत बोलवावे, असा त्याचा आशय.

गंमत अशी की ज्या युद्धासाठी हा ठराव झाला ते संपून दहा-बारा दिवस झाले होते. ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ रोजी तह झाला. लंडनला त्याचा पत्ता नव्हता आणि सालबाईला लंडनचा. वसई, कल्याण आणि आसपासचा मुलूख पेशव्यांना परत. साष्टी आणि शेजारची बेटे इंग्रजांकडे. रघुनाथरावांना दरमहा पंचवीस हजार. आठ वर्षे, इतकी माणसे, इतके बैल, आणि मुंबईच्या पदरात पडली ती फक्त १७७४ च्या डिसेंबरातच घेतलेली साष्टी.

ठरावाचे पुढे काय झाले? कॉमन्स आज्ञा देत नव्हती, डायरेक्टरांना त्यांचे कर्तव्य सांगत होती. आणि डायरेक्टरांच्या डोक्यावर कंपनीचे भागधारक होते. त्यांची सभा ३१ ऑक्टोबरला भरली आणि ४२८ विरुद्ध ७५ मतांनी त्यांनी हेस्टिंग्जला परत बोलवायला नकार दिला. लाभांश देणाऱ्या माणसाला कोण काढतो! हॉर्नबीसाठी एवढा आटापिटा कुणी केला नाही, पण त्याला घाईही कुणी केली नाही. तो १७८४ उजाडेपर्यंत मुंबईच्या खुर्चीत होता. नंतर हॅम्पशरमध्ये टिचफील्डजवळ हूक नावाच्या जागी त्याने टोलेजंग घर बांधले. ते मुंबईच्या गव्हर्नर हाउसवरून बेतले होते असे म्हणतात. १८०३ मध्ये तो वारला. बांधाचे पत्र खिशात ठेवण्याची कथा खरी नसली तरी तिच्या पोटात हे खरे आहे. कॉमन्सने जा म्हटले आणि साहेब दीड वर्ष हलला नाही.

पण ठरावातले शब्द वाया गेले नाहीत. १७८४ च्या पिटच्या इंडिया अ‍ॅक्टमध्ये, हिंदुस्थानात मुलूख जिंकणे आणि राज्य वाढवणे हे या राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला विरुद्ध आहे, असे कलमच घालण्यात आले. डंडासच्या ठरावातली इभ्रत आणि धोरण जशीच्या तशी कायद्यात आली. या कायद्यानंतर चौतीस वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली आणि राज्य जिंकणाऱ्यांना त्या कलमाची अडचण झाल्याचे ऐकिवात नाही.

हेस्टिंग्जवर पुढे महाभियोग चालला. बर्कच्या मूळ आरोपपत्रात मराठ्यांशी युद्ध आणि तह हे एक कलम होते, पण खटला गाजला तो बनारसचा राजा आणि अवधच्या बेगमा यांच्यावरून. १७८८ मध्ये सुरू झालेला खटला १७९५ मध्ये निर्दोष सुटकेने संपला. पण त्याची एक ठिणगी भलतीकडेच पडली. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहिली जात होती आणि राष्ट्राध्यक्षाला कोणत्या गुन्ह्यासाठी काढता यावे यावर वाद चालला होता. देशद्रोह आणि लाचखोरी एवढे पुरे नाही, असे जॉर्ज मेसनने ८ सप्टेंबरला सांगितले आणि दाखला दिला तो हेस्टिंग्जचा; तो देशद्रोही नाही, तरी त्याच्यावर खटला भरला जातोच आहे ना? त्या चर्चेतून 'मोठे गुन्हे आणि गैरवर्तन' हे शब्द घटनेत आले. निक्सनच्या वेळी त्याच शब्दांचा कीस पाडला गेला. २०१९ च्या जुलैत विशेष तपास वकील रॉबर्ट म्युलर अमेरिकी काँग्रेसच्या दोन समित्यांपुढे बसून ट्रम्प यांच्यावरच्या तपासाबद्दल तासन्‌तास उत्तरे देत होते, तेव्हा आमच्याकडे रात्र झाली होती आणि मागाची दुसरी पाळी चालू होती. टीव्हीवर ते एकसारखे आपल्या छापील अहवालाकडे बोट दाखवत होते, जे आहे ते त्यात आहे. डंडासला ते पटले असते.

डंडासचा शेवटही सांगायला हवा. तो पुढे आरमाराचा खजिनदार झाला, मग लॉर्ड मेल्व्हिल झाला आणि त्या खजिन्याचा पैसा भलतीकडे वापरू दिल्याच्या आरोपात अडकला. १८०५ मध्ये कॉमन्समध्ये मते पडली २१६ विरुद्ध २१६. सभापतीने आपले मत त्याच्याविरुद्ध टाकले. १८०६ मध्ये महाभियोग चालला, तो सुटला. ब्रिटनमधला तो आजवरचा शेवटचा महाभियोग.

हॉर्नबीचे नाव मुंबईत बरीच वर्षे राहिले. फोर्टमधला हॉर्नबी रोड पुढे दादाभाई नौरोजी रोड झाला. म्हणजे कॉमन्सने परत बोलावलेल्या प्रेसिडेंटच्या पाटीवर कॉमन्समध्ये निवडून गेलेल्या आणि तिच्या समितीपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्याचे आकडे मांडलेल्या माणसाचे नाव आले. वेलार्ड आता लाला लजपतराय मार्ग. आमच्याकडे तेवढेही नाही. सालबाईनंतर पस्तीस वर्षे ठाण्याकडची साष्टी कंपनीची आणि कशेळीकडचा काठ पेशव्यांचा होता. आज कशेळीच्या पुलावरून रोज हजारो ट्रक त्या जुन्या सरहद्दीवरून ये-जा करतात. दुगाडला रामचंद्र गणेश नेमका कुठे पडला हे फाट्यावरच्या टपरीवाल्याला विचारले तर तो आधी किल्ल्याकडे बोट दाखवतो, मग देवळाकडे.

आणि हणमंतराव? तो सुएझपर्यंत समुद्राने गेला होता, येताना इराणमार्गे आला. विल्फर्ड नावाच्या युरोपियन पंडिताने लिहून ठेवले आहे की परत आल्यावर रघुनाथरावांच्या या वकिलांना जातीत घेईनात. समुद्र ओलांडलेला, सिंधू ओलांडलेली. शेवटी ब्राह्मणांनी निर्णय दिला की पुन्हा जन्म घेतल्याशिवाय शुद्धी नाही. म्हणून सोन्याची योनी घडवली, तिच्यातून त्यांना बाहेर काढले आणि दाने दिली, तेव्हा ते पुन्हा ब्राह्मण झाले. धन्याला त्या वेळी कोपरगावी पेन्शनीवर दिवस काढायचे होते. ते फार उरले नव्हते. १७८३ च्या डिसेंबरात रघुनाथराव वारले.